बाबांची तबकडी

प्रश्न : बाबांच्या कपाटात पॉल मॅकार्टनी आणि त्याच्या विंग्ज या बँडची ‘रेड रोझ स्पीडवे’ ही तबकडी सापडली. ‘माय लव्ह’ सोडलं तर सगळं मुळमुळीत वाटलं. विकून टाकू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : थांबा जरा! साताऱ्यात कॉलेजला असताना माझंही हेच मत होतं. मित्राची कॅसेट होती, ‘माय लव्ह’ संपलं की पेन्सिल घालून मागे फिरवायची. बाकीचं ऐकतंय कोण?

गेल्या पावसाळ्यात अख्खा अल्बम सलग ऐकला. १९७३चा हा अल्बम आधी दोन तबकड्यांचा ठरला होता, मग कापून एकाच तबकडीत बसवला. गंमत अशी, की कात्री चालूनही पसारा उरलाच. शेवटची चार गाण्यांची अकरा मिनिटांची माळ म्हणजे नुसता रस्सा, मटकी शोधत बसा. पण ‘लिटल लँब ड्रॅगनफ्लाय’ ऐका, दिवे घालवून. सहा मिनिटांचं आहे, पण चाल कुठेही घाई करत नाही. मी तर त्याला ‘माय लव्ह’च्या वर ठेवतो आता.

आणि ‘माय लव्ह’मधली गिटारसुद्धा पुन्हा ऐका. रेकॉर्डिंगला समोर अख्खा वाद्यवृंद बसलेला, आणि विंग्जच्या गिटारवादक हेन्री मॅकलॉनं ऐनवेळी ठरलेलं सोडून मनातलं वाजवलं. मॅकार्टनीनं वाजवू दिलं, हे त्याचं मोठेपण.

तेव्हा विकू नका. फक्त कपाटात आडवी रचून ठेवू नका, सांगलीच्या उन्हाळ्यात वाकेल.