सासूबाई मला चोर म्हणतात

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून त्यांचा विसराळूपणा वाढत चालला आहे. हल्ली पैशांचे पाकीट त्या स्वतःच कुठेतरी ठेवतात आणि मी ते चोरले असे सर्वांना सांगतात. आंघोळीला नेताना आरडाओरडा करतात. एकदा त्यांनी माझा हात पिरगाळला. नणंद भेटायला आली की मात्र अगदी नीट बोलतात, त्यामुळे मी कांगावा करते असे तिला वाटते. परवा मी त्यांच्यावर फार ओरडले आणि मग रात्रभर रडत राहिले. त्या हे सारे मुद्दाम करतात का? – एक सून

उत्तर : नाही, त्या हे मुद्दाम करत नाहीत. तुम्ही लिहिलेली लक्षणे डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची असावीत असे वाटते. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचे आहे आणि त्याविषयी पुढे लिहिते. पण जिची उस्तवार करायची तिच्याच तोंडून ‘चोर’ हा शब्द ऐकणे किती जिव्हारी लागत असेल, हे तुमच्या पत्रातून कळते, म्हणून आधी त्या आरोपाविषयीच बोलू.

डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो आणि नव्या घटनांची नोंद करण्याचे काम नेमके त्याच भागाकडे असते. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह आठवतात, पण दहा मिनिटांपूर्वी आपणच पाकीट उशीच्या अभ्र्यात खुपसले, याची नोंद मुळी झालेलीच नसते. आता सासूबाईंच्या जागी उभ्या राहून पाहा. पाकीट जागेवर नाही, आपण ते हलवलेले नाही आणि खोलीत दिवसभर ये-जा करणारी व्यक्ती एकच आहे. निष्कर्ष साफ चुकीचा असला, तरी त्यांच्या हाती जेवढी माहिती उरली आहे तेवढ्यातून दुसरा निघणार कसा? आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या स्त्रीची हकिगत प्रथम मांडली, तिच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयानेच झाली होती. संशय बहुतेक वेळा सर्वांत जवळ राहून सेवा करणाऱ्यावरच येतो. तो तुमच्या स्वभावावरचा शेरा नव्हे.

म्हणून ‘मी घेतले नाही’ हे सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका. पुराव्याने त्यांची खात्री पटणार नाही, उलट आपल्याला खोटे ठरवले जात आहे एवढीच भावना मागे राहील. आणि वाद कशावरून झाला हे विसरल्यावरही ती भावना बराच वेळ टिकते. ‘पाकीट सापडत नाही म्हणून जीव घाबरलाय ना तुमचा? चला, दोघी मिळून शोधू,’ एवढेच म्हणा आणि खरोखर बरोबर शोधा. त्यांच्या लपवण्याच्या जागा बहुधा ठरावीक असतील, त्या लक्षात ठेवा. पाकीट सापडल्यावर ‘बघा, तुम्हीच ठेवले होते’ हे वाक्य ओठांवर येईल, ते कृपा करून गिळून टाका. तसेच दुसरे पाकीट थोडे पैसे घालून तयार ठेवले, तर पुष्कळ प्रसंग सहज निभावतील.

नणंदेसमोर त्या नीट वागतात यातही ढोंग नाही. ख्यालीखुशाली विचारण्याच्या रीती आयुष्यभर अंगवळणी पडलेल्या असतात आणि त्यांना ताज्या आठवणी लागत नाहीत. तास-दोन तास सारी शक्ती एकवटून त्या वेळ निभावून नेतात. पाहुणे गेल्यावर येणारी चिडचिड हा त्याच श्रमाचा थकवा असतो, आणि तो तेवढा तुमच्या वाट्याला येतो.

आंघोळीच्या वेळचा विरोध भीतीपोटी असण्याची शक्यता अधिक. कपडे कोण काढत आहे आणि का, हे त्या क्षणी उमगले नाही तर कोणीही हात झिडकारेल. त्या दिवसातल्या ज्या वेळी शांत असतात ती वेळ निवडा, न्हाणीघर आधी उबदार करा, खांद्यांवर टॉवेल राहू द्या, पाणी पायांपासून सुरू करा आणि डोके शेवटी धुवा. पुढे काय करणार ते दर वेळी लहान वाक्यात सांगा. त्यांनी फारच विरोध केला तर त्या दिवशी ओल्या कापडाने अंग पुसून घेतले तरी चालते.

आता डॉक्टरांविषयी. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जाताना महिनाभराच्या घटना तारखेसह लिहून न्या, कारण तपासणीच्या खोलीतही सासूबाई नणंदेसमोर वागतात तशाच वागतील. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही अशी लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार असतात. म्हणून ही तपासणी टाळू नका. डिमेन्शियाच ठरला, तर डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही काळ लक्षणे थोडी आटोक्यात राहू शकतात, आजार बरा होत नाही. आणि एखाद्या दिवशी त्या अचानक फारच गोंधळल्या किंवा ग्लानीत गेल्या, तर ‘आजार वाढला’ असे समजून थांबू नका. मूत्रमार्गातला संसर्ग किंवा शरीरातले पाणी कमी होणे अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.

राहिला तुमचा प्रश्न. परवाच्या ओरडण्याबद्दल स्वतःला दुष्ट ठरवू नका. तुम्ही थकला आहात, आणि पत्रात तुमच्या पतीचा उल्लेख एकदाही नाही, हे मला खटकले. आई त्यांचीही आहे. रात्रीची जाग, औषधांच्या वेळा किंवा आंघोळ, यांपैकी निदान एक काम त्यांनी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. ‘मदत करतो’ असे म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून. नणंदेशी वाद घालू नका. सलग दोन दिवस आणि दोन रात्री आईजवळ राहायला तिला बोलवा आणि तेवढे दिवस तुम्ही खरोखरच घराबाहेर राहा. आईचे काय चालले आहे ते तिला स्वतःला दिसेल, आणि पुढच्या महिन्यातले कोणते दिवस तिचे, हे त्यानंतर तिघांनी बसून ठरवा.