चार फुटी ऑटोमॅटिक रीफ टँकसाठी मासे: दर्यापूरच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूरजवळच्या गावात ४ × १.५ × १.५ फुटांचा रीफ टँक (समुद्री मासे आणि प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक), खाली सम्प (पाणी गाळायची टाकी), एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र), डोझर (पाण्यात पूरक द्रव्यं मोजून सोडणारा), ऑटो फीडर, चिलर सगळं बसलंय. आठवड्यातले तीन-चार दिवस तुम्ही अमरावतीला असता. आणि घ्यायच्या माशांच्या यादीत ब्लू टँग, मँडरिन, कॉपरबँड बटरफ्लाय व सहा ग्रीन क्रोमिस आहेत. यातला एकही घेऊ नका.

यंत्रं पाणी सांभाळतात, मासे बघत नाहीत. कोण दोन दिवस जेवला नाही, कोणाचे कल्ले जोरात हलतायत, हे कंट्रोलरला कळत नाही. म्हणून पहिली अट एकच: फीडरमधून पडलेला कोरडा दाणा मासा खातो का? मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) टिपतो. नव्या टँकमधले ते लवकर संपतात, मग मासा दोन-तीन महिन्यांत वाळत वाळत जातो. कॉपरबँड बहुतेक वेळा दाण्याला तोंडच लावत नाही. ब्लू टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तुमच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता पाणी दोनशे लिटरच्या आसपास, तिथे तो मावणार नाही. क्रोमिस स्वस्त आणि थव्याने छान दिसतात, पण ते एकमेकांना टोचत राहतात आणि काही महिन्यांत सहाचे एक-दोन उरतात. तुम्ही नसताना मेलेला मासा दगडामागे सडला की अमोनिया चढतो, नुकसान बाकीच्यांचं होतं.

त्याऐवजी हे घ्या. ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, तीही पैदास केलेली. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, त्यामुळे असे मासे देशातच मिळतात आणि पिल्लू असल्यापासून दाणा खातात. तीन पायजमा कार्डिनल, एक रॉयल ग्रामा, एक टेलस्पॉट ब्लेनी, एक यलो वॉचमन गोबी. गोबीसोबत पिस्तूल झिंगा ठेवलात तर दोघं एकाच बिळात राहतात. मात्र झिंगा वाळू उकरतो, म्हणून दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा, नाहीतर दगडांचा ढीग कोसळतो. हे आठ झाले की थांबा. दुकानदार 'सोबत दोन डॅमसेल न्या, कणखर असतात' म्हणेल. कणखर असतात खरे, पण नव्या माशाला जगू देत नाहीत. सिक्सलाइन रास (wrasse) या माशाचंही तेच.

टाकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोबी-झिंगा, मग ब्लेनी, मग कार्डिनल, मग ग्रामा, शेवटी क्लाउन. जागा अडवणारा शेवटी यावा. दोन खेपांत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे वाढलेल्या घाणीला पुरतील इतके जिवाणू तयार होतात.

फीडरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो. तीन मिनिटांत संपेल इतकाच दाणा, सकाळी आणि संध्याकाळी. लावण्याआधी फीडर बशीवर दहा वेळा फिरवून बघा, दर वेळी किती पडतं ते कळेल. जुलै-ऑगस्टमध्ये दाणा ओल धरतो. दोन दिवस काहीच पडत नाही, मग एकदम ढेकूळ पडतं. म्हणून पावसाळ्यात आठवड्यापुरताच दाणा भरा. दाणा पडताना रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टाकणारा) दहा मिनिटं बंद राहू द्या, नाहीतर सगळं सम्पमध्ये वाहून जातं. अमरावतीला जाताना मात्रा अर्धी करा. धडधाकट मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही, जास्त पडलेला दाणा मात्र टँक बुडवतो.

आता वीज. टँक शेतातल्या घरी असेल आणि लाइन शेतीपंपाच्या वीज-फिडरवर असेल तर मासे घेण्याआधी तोच प्रश्न सोडवा. गावठाण फिडरवर असलात तरी वीज अधूनमधून जातेच. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात पंप थांबला की मोठा मासा आधी गुदमरतो. लहान मासे सुचवण्याचं हेही एक कारण. १५० एएचच्या बॅटरीवर फक्त रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा) टाका. दोन्हींचा भार ५० वॉटच्या आत असेल तर बॅटरी १५ तासांच्या आसपास चालते. चिलर त्यावर टाकलात तर काही तासांतच संपेल. इन्व्हर्टर साइनवेव्ह असावा, स्क्वेअर वेव्हवर पंप तापतात.

एप्रिल-मेमध्ये कोरडी हवा असते, त्यामुळे पाण्यावर मारलेला छोटा पंखाही तापमान बऱ्यापैकी उतरवतो. पण त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो. चिलरची गरम हवा खोलीबाहेर जाऊ द्या. काचेचं झाकण नको, आतली उष्णता अडते. गोबी उडी मारतो, म्हणून वर पारदर्शक जाळी लावा.

पंख्यासह दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. एटीओच्या टाकीत एका वेळी २० लिटरपेक्षा जास्त ठेवू नका. फ्लोट अडकून ते सगळं गेलं तरी क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण, दर हजारी) ३५ वरून ३२ पर्यंतच येते, हे मासे सोसतात. सलग चार दिवस बाहेर असाल तेव्हा मात्र पंखा बंद ठेवून चिलरवर भिस्त ठेवा. आणि खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी 'आहेच खारट, मीठ कमी लागेल' म्हणून वापरायचं नाही, बरं का! गावच्या आरओ प्लांटचा कॅनही डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांतून) काढून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य करूनच टाका.

फवारणीच्या दिवसांत विशेष जपा. पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना आणि झिंग्यांना फार विषारी आहेत, आणि मच्छर मारायच्या लिक्विडमध्येही तेच असतं. एअर पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवाच आत ओढतात, म्हणून त्या खोलीत औषधाचे डबे, फवारणीचे कपडे, मच्छर मशीन काहीच नको.

दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तोच मासा कोरडा दाणा खातानाचा व्हिडिओ मागा. एप्रिल ते जूनमध्ये मासे मागवू नका, पार्सल गाडीतच शिजतं. रात्रभर प्रवास करून आलेली पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं क्वारंटाइन टँकच्या (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायच्या टँकच्या) पाण्यावर तरंगवा. थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. क्वारंटाइन टँकची क्षारता आधीच पिशवीतल्याइतकी करून ठेवा आणि मासा उचलून त्यात सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. क्वारंटाइन निदान चार आठवडे. तांब्याचं औषध द्यायचं ते तिथेच. मुख्य टँकमध्ये ते गेलं तर झिंगा आणि प्रवाळ मरतात, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा आत शिरला तर टँक अडीच महिने बिनमाशाचा ठेवावा लागतो.