डबल चाक चढवताना पाय थोडक्यात वाचला

प्रश्न : दादा, आमचं रान शिरोळकडं नदीकाठाला, काळीभोर माती. पाऊस उघडला तरी ट्रॅक्टर रुततोय म्हणून मागं डबल चाकं लावायला घेतली. परवा मी नि धाकट्या भावानं ट्रॅक्टर जॅकवर घेऊन चाक उचललं तर ते कलंडलं, भावाचा पाय थोडक्यात वाचला. आमचं काय चुकलं?

उत्तर : पाय वाचला हे लई बरं झालं. आधी एक ध्यानात ठेवा, चाक कलंडायला लागलं की धरायला जायचं नाही, सोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, टायरला पडून काही होत नाही. १३.६-२८ मापाच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असलं तर नुसतं पाणीच दीडशे किलोच्या वर भरतं, वर टायर नि रिम वेगळं, आणि पाणी आत हिंदकळलं की दोघांना काय चौघांनाही ते आवरत नाही. बाहेरच्या चाकात पाणी असेल तर काढूनच टाका.

तुम्ही जॅक जास्त चढवला असणार, म्हणून चाक उचलायची पाळी आली. आतलं चाक वजनानं दबलेलं असतं, त्यामुळं हब, म्हणजे एक्सलच्या टोकाचा चाक बसतं तो भाग, बाहेरच्या मोकळ्या चाकाच्या मध्यापेक्षा थोडा खाली राहतो. टेपनं दोन्ही मध्य जमिनीपासून मोजा, जो फरक येईल तेवढ्या जाडीची रुंद फळी टाका आणि आतलं चाक हळूच तिच्यावर चढवा. मग बाहेरचं चाक नुसतं ढकलत न्यायचं, भोकं जुळवायला पहारीनं जरा सरकवायचं, बास. हे सगळं सपाट काँक्रीटवर करा, रानात नको, आणि इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड लावून.

स्पेसर, म्हणजे दोन चाकांत अंतर ठेवणारं लोखंडी कडं, बसवायला जॅक लागलाच तर एक्सलच्या हाउसिंगखाली लावा, नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा आणि जॅकच्या जोडीला जाड लाकडी ठोकळे रचा. विटा अजिबात नकोत, मी एकदा टेकवल्या होत्या, बघता बघता भुगा झाला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं लेथवर साध्या सळईचे बोल्ट करून आणू नका, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा असलेलेच घ्या. हब नि रिमची बसणारी बाजू तारेच्या ब्रशनं घासा, मधे माती किंवा गंज राहिला की तो नंतर दबतो नि नट सैल होतो. नट समोरासमोरचे आवळा, तासभर काम झालं की परत आवळा, पुढं रोज सकाळी बघा. बाहेरच्या टायरात हवा आतल्यापेक्षा थोडी कमी ठेवा, नाहीतर एक्सलच्या बेअरिंगवर ताण येतो. आणि उसाची ट्रॉली घेऊन डांबरीवर निघताना बाहेरची चाकं काढूनच निघा.