समजूत मुलीची नाही, तुमची घालायची आहे

(निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार लिहितात: "मुलगी बारावी सायन्स, पीसीबी. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता तिसऱ्यांदा बसत नाही. म्हणते, बुरशीची सुरक्षित औषधं शोधायची आहेत. आम्ही जन्मभर औषधंच मारली, हिनंही तेच करायचं? बोर्डो आजोबांपासून आहे, त्यात नवीन काय शोधणार? फवारणीनंतर माझे हात चुरचुरतात, तर डब्यावरचं पत्रक वाचून माझ्याशी भांडते. तिच्या आईनं जेवण सोडलंय. तुम्हीच समजवा.")

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य शेवटून दुसरं आहे. आई उपाशी बसली तर मुलगी क्लासला जाईलही, पण पुस्तकात तिचं लक्ष कसं लागेल? दोन वर्षं तिनं तुमच्या शब्दाखातर दिली. आता ती स्वतःचं काही सांगतेय, तर तिच्यावर आईच्या उपवासाचं ओझं टाकलंत. हा धाक आहे, आणि तो क्रूर आहे. आज ताईंना जेवायला बसवा आणि मुलीसमोर स्पष्ट सांगा की तिच्या निर्णयाचा घरातल्या जेवणाशी संबंध नाही.

ती पत्रक वाचून भांडते, याची तुम्ही तक्रार केलीत. मला मात्र तिच्या गुणपत्रिकेपेक्षा ते भांडण जास्त बोलकं वाटलं. तुमचे हात बघूनच तिला हा विषय सुचला असणार.

आता बोर्डोबद्दल. जुनं आणि सेंद्रिय शेतीत चालतं म्हणजे निर्धोक, हा समज सोडा. मोरचूद-चुन्याचं हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवडा म्हणजे डाऊनी रोगावर पुढे आलं, आणि आजही उपयोगी आहे. पण मोरचुदातलं तांबं मातीत कुजत नाही, साठत जातं. म्हणूनच युरोपीय संघानं ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. मोरचूद पोटात गेलं तर ॲझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकापेक्षा कितीतरी जास्त विषारी. हे ॲझॉक्सिस्ट्रोबिन एका अळंबीतल्या द्रव्यावरून घडवलेलं. मूळ द्रव्य उन्हात टिकत नव्हतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली. तेही माशांना घातक आहे, आणि बुरशीच्या जनुकात एकच बदल झाला की निकामी ठरतं. मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाची मंजुरी युरोपनं २०२० मध्ये थांबवली. शिवाय डाऊनीचा जंतू खरी बुरशी नाहीच, त्यामुळे भुरी या बुरशीच्या रोगावर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. फवारणारा, खाणारा, माती, पाणी या सगळ्यांना जपायचं आणि रोगही आटोक्यात आणायचा, असं औषध हवंय. याला तुम्ही "औषधं मारणं" म्हणता?

मुलीलाही एक कडक गोष्ट सांगायची आहे. नुसती बी.एस्सी. ॲग्री करून नवं औषध शोधता येत नाही. नवा रेणू घडवायला सेंद्रिय रसायनशास्त्र लागतं, म्हणजे बी.एस्सी. केमिस्ट्री आणि पुढे पीएच.डी.पर्यंतचा रस्ता. रेणू शोधण्यापासून बाजारात यायला दहा वर्षांहून जास्त लागतात, आणि आपल्याकडे बहुतेक कंपन्या पेटंट संपलेली औषधंच बनवतात, त्यामुळे शोधाच्या जागा थोड्या. रोगाशीच झुंजायचं असेल, ट्रायकोडर्मा-बॅसिलससारख्या जैविक औषधांवर काम करायचं असेल, तर सीईटीतून बी.एस्सी. ॲग्री आणि मग वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी.; राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं आहेतच. तिसरी वाट अवशेष तपासणीची, म्हणजे फळात औषध किती उरलं ते मोजण्याची. तुमची द्राक्षं युरोपला जातात ती या तपासणीच्या अहवालावर. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात हे काम चालतं. परवानगी काढून दोघं एकदा बघून या.

रेणू, रोग की अवशेष, हे तिनं ठरवावं आणि मग प्रवेशाचे अर्ज भरावेत. हातमोजे, मास्क, चष्मा तुम्ही पुढच्या फवारणीपासूनच वापरा, आणि हातांची चुरचुर डॉक्टरांना दाखवा. नीटचा तिसरा फॉर्म मात्र तिच्या मनाविरुद्ध भरू नका.