सोनौली ओलांडण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रा,

चौघे मित्र, चार मोटारसायकली, सीमेवरच्या सोनौलीवरून नेपाळ, पोखरा आणि जमलं तर मुक्तिनाथ, असा तुमचा बेत कळला. टायर कुठले आणि सायलेन्सर कुठला, यावर तुमच्या रात्री जाऊन झाल्या असतीलच. पण अशा सहली इंजिनापेक्षा कागदांनी जास्त अडतात, आणि ते कागद सोलापुरातच जमवावे लागतात.

आधी आरसीवर नाव कुणाचं ते बघ. पोरगा चालवतो ती गाडी आपल्याकडे बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असते. इथे त्यावरून कुणी हटकत नाही, पण भन्सारमध्ये, म्हणजे नेपाळच्या कस्टम कार्यालयात, प्रश्न येतो. वडिलांचं संमतीपत्र नोटरी करून घे. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि चालवणाऱ्याचं नाव हवं. सोबत त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स ठेव. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांचं ना हरकत पत्रही घे. स्वतःच्या ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल, आधारवर विसंबू नकोस. तुमच्यात ज्याचं मतदार यादीत नावच नाही, त्याने आजच ६ नंबरचा फॉर्म भरावा, कारण कार्ड हातात पडायला वेळ लागतो. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हे सगळं अस्सल हवं, मोबाइलमधलं दाखवण्याच्या भरवशावर जाऊ नका.

विम्याचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळपर्यंत वाढवता येते, तसं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, कंपनीकडून लेखी घे. एजंट तोंडी ‘चालतंय की’ म्हणाला तर ते धरू नकोस.

सोलापूर ते सोनौली साधारण १,६०० किलोमीटर होतात. तुळजापूर, लातूर, नांदेडवरून पहिला मुक्काम यवतमाळला करा, मग जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर. समृद्धीचा मोह कुणाला झाला तर सांग, तिथे दुचाकीला बंदी आहे. गोरखपूरहून पहाटे निघालात की सोनौली शंभरेक किलोमीटर. भन्सारच्या खिडकीपाशी सकाळीच पोहोचायला हवं. दुपारी पोहोचलेला माणूस घाईत दलालाच्या हाती सापडतो. शनिवार टाळा, नेपाळात आठवड्याची सुटी त्या दिवशी असते. दशैंचे, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या आसपासचे दिवसही टाळा.

गाडी आत नेण्याच्या शुल्कालाही भन्सारच म्हणतात, ते दिवसावर आकारतात. बेत आठ दिवसांचा असेल तर दहा दिवसांचा भरा. दरड कोसळून रस्ता बंद झाला तरी मुदत काही थांबत नाही, आणि मुदत उलटली की दंड बसतो. वर्षात भारतीय गाडीला एकूण ३० दिवसच मिळतात. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर ठरलेला आहे. आपल्या मोठ्या नोटांचे नियम तिथे बदलत आले आहेत, म्हणून पैसे शंभराच्या नोटांत न्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

आता घाट. आपला हात सरळ रस्त्यावर बसलेला, तुळजापूरचा घाट काय तो सराव. बुटवल सोडलं की तानसेनमार्गे पोखऱ्यापर्यंत वळणंच वळणं. नकाशावर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दिसतात, पण अख्खा दिवस जातो. नेपाळात किलोमीटर नाही, तास मोजायचे. उतारावर क्लच दाबून गाडी सोडायची आणि मागच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, ही सवय इथेच मोड. ब्रेक तापतो, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून नुसता आत जातो. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेव, इंजिन गाडी धरून ठेवतं. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदल, जुन्याने ओलावा शोषलेला असतो आणि ते लवकर उकळतं.

चेनला दर ५०० किलोमीटरला, गरम असताना, ल्यूब मारा. क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल जादाची घ्या आणि मूळ केबलला लागूनच टेपने बांधून टाका, म्हणजे तुटली की टाकी न उतरवता जोडता येते. स्पोकची चाकं असतील तर पुढची-मागची एकेक ट्यूब आणि पान्हे, ट्यूबलेसला पंक्चरची किट आणि छोटा पंप. जादा फ्यूज, चेनची एक लिंक. टायरमधली हवा सकाळी थंडच मोजा, आपल्याकडच्या दुपारी काटा खोटं सांगतो.

मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे, पोखरा हजाराच्याही खाली. एका दमात चढलात तर डोकं धरून बसाल. जोमसोमला एक रात्र काढा. तिथे कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी असा वारा सुटतो की उभी गाडी आडवी व्हावी, म्हणून दुपारच्या आत मुक्काम गाठा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढा.

चौघांत सगळ्यात लहान टाकी ज्याची, त्याच्या हिशोबाने पेट्रोल भरायचं. सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर, शेवटी नसावा, शेवटी राहिला की तो धापा टाकत गाडी हाणतो. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबा. अंधार पडल्यावर गाडी नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घ्या, गोरखपूरच्या पलीकडेही टिकते. चादर मात्र घरी ठेव, भिजली की तिचं वजन गाडी सांगेल.

परतताना भन्सारचा कागद नाक्यावर दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. प्रत्येक गाडीचा कागद वेगळा, एकाच्या पिशवीत चारही ठेवू नका. आणि तिकडे इंजिन बसलं तरी गाडी तिथे सोडून येता येत नाही, मुदतीत ती नाक्याबाहेर यावीच लागते. पोखऱ्याहून सोनौलीपर्यंतच्या पिकअपचं भाडं वर्गणीतून आधीच बाजूला काढा, आणि ते ज्याच्याकडे ठेवाल तो जेवणाचं बिल भरणारा नसावा.

तुझा,
काका