अफगाण ‘ट्रायबल’ गालिचा खरा कसा ओळखावा? 4×6 फुटांच्या गालिच्याला 85 हजार द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्याच्या प्रदर्शनात एक ‘अफगाण ट्रायबल’ गालिचा आवडलाय, विक्रेता 85 हजार म्हणतोय आणि वर तीन गोष्टी सांगतोय. गालिचा शंभर वर्षं जुना आहे, रंग नैसर्गिक आहेत, आणि ही ‘इन्व्हेस्टमेंट’ आहे. सोबत तुम्ही एक फोटो टाकलाय, तोही फक्त पुढच्या बाजूचा.

आधीच सांगतो, मी या धंद्यातला नाही. सिव्हिल इंजिनिअर आहे. 2011 ते 2013 या काळात अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात, हरीरूद नदीवरच्या सलमा धरणाच्या कामावर होतो. कॅम्पमध्ये करमणूक शून्य. हेरात शहरात जायला मिळालं की मी जुम्मा मशिदीच्या आसपासच्या गालिचेवाल्यांकडे तासन् तास चहा पीत बसायचो. तिथे पैसे घालवून जे शिकलो ते लिहितोय.

फोटोवरून तरी माल बलुच घराण्यातला वाटतो. काळपट निळा, तपकिरी-काळा, विटकरी लाल आणि मधेच पांढऱ्याचे चार ठिपके, ही बलुचांची रंगसंगती. हेरात, फराह, निमरोज हा पश्चिम अफगाणिस्तानचा पट्टा आणि सीमेपलीकडचा इराणी खोरासान हा त्यांचा मुलूख. तैमुरी आणि इतर ऐमाक टोळ्याही जवळपास असंच विणतात, आणि बाजारात ते सगळं ‘बलुच’ म्हणूनच विकलं जातं.

आपल्याकडे अफगाण गालिचा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लालभडक, अष्टकोनी फुलांच्या रांगा असलेला. तो उत्तरेकडच्या तुर्कमेनांचा, मुख्यतः एरसारी टोळीचा. आंदखोई, आकचा, दौलताबाद ही त्यांची गावं. त्या अष्टकोनाला ‘गुल’ म्हणतात. मोठ्या गुलाच्या नक्षीला व्यापाऱ्यांनी ‘फीलपाई’ नाव दिलंय, म्हणजे हत्तीचं पाऊल. आपल्या पीलखान्यातला पील तो हाच. हाच माल पूर्वी बुखाऱ्याच्या बाजारातून पुढे जायचा म्हणून जगभर ‘बुखारा’ झाला. बुखाऱ्यात विणल्याचा काही संबंध नाही. 1920 आणि 30 च्या दशकांत बोल्शेविकांच्या जाचाला कंटाळून बरेच तुर्कमेन आपली काराकुल मेंढरं घेऊन अमूदर्या नदी ओलांडून अफगाणिस्तानात आले, त्यामुळे तिकडची विणकाम जाणणारी वस्ती वाढली. आणखी एक गैरसमज असा की, काफिले घेऊन फिरणारे ते पश्तून कुची लोक हे गालिचे विणतात. ते तंबूचं कापड, पट्ट्या, नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) असलं बरंच करतात, पण गाठींचा गालिचा हे त्यांचं मुख्य काम नाही. दुकानदार मात्र ‘कुची’ शब्द सढळ हाताने वापरतात, कारण त्यात उंट दिसतो.

माग कसा असतो हे मी एकदाच जवळून पाहिलं. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने घरी जेवायला नेलं होतं. विणतात बायका, आणि परक्या पुरुषासमोर बायका येत नाहीत, त्यामुळे आम्ही अंगणात शिरलो तेव्हा मागापाशी कोणी नव्हतं. जमिनीत चार खुंट, दोन आडवे दांडे, त्यावर ताणलेला लोकरीचा ताणा (उभे दोरे), आणि हातभर विणून झालेला गालिचा. विणणारी त्या विणलेल्या भागावरच बसते आणि पुढे पुढे सरकते. सुरी आणि लोखंडी पंजा तिथेच पडला होता. उठून गेलेल्या माणसाची जागा कळते ना, तसं ते दिसत होतं.

मला गाठ बघायची होती. ड्रायव्हरच्या वडिलांनी आठ-नऊ वर्षांच्या नातीला हाक मारली. ती बसली, लोकरीचा धागा ताण्याच्या एका दोऱ्याभोवती पूर्ण फिरवला, शेजारच्या दोऱ्याच्या नुसता मागून काढला, दोन्ही टोकं खाली ओढली आणि सुरीने कापली. मी हे एवढं लिहितोय तेवढ्या वेळात तिच्या पंधरा-वीस गाठी झाल्या असत्या. एक ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा घालायचा आणि पंज्याने ठोकून बसवायचा. मग मी बसलो. दहा गाठी मारल्या असतील. तिने माझ्याकडे न बघता सुरीच्या टोकाने त्या एक एक उसवल्या आणि स्वतः मारल्या.

हे आठवून मला आजही फक्त गंमत वाटत नाही. या धंद्यात लहान मुलींचे हात किती आहेत हे तिथे राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. उत्तरेकडच्या काही गावांत तर आईला विणता यावं म्हणून तान्ह्या मुलांना अफू चाटवतात. 2021 नंतर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या आणि अनेकींच्या वाट्याला पुन्हा मागच आला. माझ्या त्या गुरूचं वय आता वीस-बावीस असेल.

आता किमतीचा हिशोब. तुमचा गालिचा 48 इंच बाय 72 इंच, म्हणजे 3,456 चौरस इंच. सर्वसाधारण बलुच मालात चौरस इंचाला 80 गाठी धरा. झाल्या 2 लाख 76 हजारांच्या वर. सराईत हात दिवसभरात 6 हजार गाठी मारतो असं धरलं तरी 46 दिवस. ते फक्त विणण्याचे. लोकर कातरणं, पिंजणं, सूत काढणं, रंगवणं वेगळं. आणि घरचा स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळून विणणारीला ‘दिवसभर’ मिळतोच असं नाही, त्यामुळे तीन महिने सहज जातात. एवढं करून तिथला भाव काय होता? 2012 मध्ये साधारण याच मापाचा नवा बलुच गालिचा मी घासाघीस करून 160 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या साडेआठ हजारांत घेतला होता. त्यातले विणणारीला किती मिळाले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणजे 85 हजारांतली मोठी रक्कम मधल्या हातांची आणि गोष्टीची आहे. मधल्या हातांचे पैसे मी नाकारत नाही. हेरातचा दलाल, धुणारा, वाहतूक, दिल्लीचा घाऊक व्यापारी, प्रदर्शनाचं भाडं, सगळे पोटासाठीच करतात. पण गोष्टीचे पैसे देण्याआधी गोष्ट तपासावी.

पहिली गोष्ट, शंभर वर्षं. गालिचा जुना दिसणं आणि जुना असणं यात फरक आहे. हेरातमध्ये मी स्वतः नवे गालिचे रस्त्यावर पसरलेले पाहिलेत. वरून गाड्या, गाढवं, माणसं जातात, ऊन लागतं, धूळ बसते. आठवड्याने झटकून धुतलं की ‘आजोबांच्या वेळचा’ माल तयार. काही जण चहाच्या पाण्यात बुडवतात. ओळखायला सोपं आहे. बोटांनी लव बाजूला सारून मुळाशी बघा. टोकाला फिका आणि बुंध्याशी भडक गुलाबी किंवा केशरी निघाला तर तो रासायनिक रंग उन्हात उडवलेला आहे. खरा जुना रंग टोकापासून मुळापर्यंत हळूहळू मऊ होत जातो. आणखी एक खूण मला एका म्हाताऱ्या दुकानदाराने दाखवली. जुन्या मालातला काळा-तपकिरी रंग लोह वापरून केलेला असतो, आणि लोहाने लोकर कालांतराने खाल्ली जाते. त्यामुळे काळा भाग खाली बसलेला आणि लाल-निळा भाग उंच राहिलेला दिसतो. डोळे मिटून हात फिरवला तर नक्षी बोटांना लागते. हे रस्त्यावर गाड्या घालून साधत नाही.

दुसरी, नैसर्गिक रंग. लाल येतो मंजिष्ठेच्या भाऊबंदातल्या एका झाडाच्या मुळांपासून, तिकडे त्याला रोदंग म्हणतात. निळा नीळीचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा, पिवळट डाळिंबाच्या सालीचा किंवा इस्परक नावाच्या रानफुलाचा. तुरटी लावून रंग पक्का करतात. पण कृत्रिम रंग त्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोचलेत, त्यामुळे ‘जुना म्हणजे नैसर्गिक’ हे समीकरण चुकीचं आहे. उलट नव्या मालात चांगले नैसर्गिक रंग सापडतात. 1980 आणि 90 च्या दशकांत पेशावरच्या निर्वासितांत हाताने कातलेली लोकर आणि वनस्पतींचे रंग पुन्हा सुरू झाले. त्यातून जो फिकट, मातकट माल निघाला त्याला ‘चोबी’ म्हणतात. चोब म्हणजे लाकूड, आपल्या चोपदाराच्या हातातला दंड. एकाच रंगाच्या पट्ट्यात मधेच छटा बदललेली दिसली तर घाबरू नका, लोकरीचा घाणा बदलला की असं होतं. ओला पांढरा रुमाल चोळून बघा. लाल उतरला तर नमस्कार करून बाहेर पडा.

रंगांवरून आठवलं. ‘परिपूर्ण फक्त अल्ला, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं असेलच. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो इतका हसला की चहा सांडला. म्हणाला, लेकरं रडतात, माग मधेच गुंडाळून गाव बदलावं लागतं, लोकर संपते. मुद्दाम कशाला चुकायचं?

तिसरी, इन्व्हेस्टमेंट. विक्रेत्याला एवढंच म्हणा: “दोन वर्षांनी निम्म्या किमतीत परत घ्याल, असं बिलावर लिहून द्या.” चेहरा बघण्यासारखा होतो. संग्राहक ज्याला पैसे मोजतात तो माल वेगळाच असतो, बाईने स्वतःच्या घरासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी विणलेला. खोगिराच्या जोडपिशव्या, उशीचे अभ्रे (बालिश्त), तंबूच्या दाराचे पडदे आणि माझं सगळ्यात लाडकं नमकदान. ही मिठाची पिशवी खाली रुंद आणि गळ्याशी निमुळती असते, म्हणजे माणसाचा हात जातो पण शेळीचं तोंड जात नाही. अशा वस्तूंत विणणारीला कोणाला खूष करायचं नसतं, आणि ते दिसतं. 4×6 चा गालिचा बहुतेक वेळा बाजारासाठीच विणलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग ‘ट्रायबल’ या शब्दाचे वेगळे पैसे का?

बाजारासाठीच, पण अफलातून असा एक प्रकार म्हणजे युद्धाचे गालिचे. डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि फुलापानांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टरं, कलाश्निकोव्ह दिसू लागले. सुरुवातीच्या काहींत तर हेलिकॉप्टर इतकं नक्षीत मुरलेलं असतं की आधी ते फूलच वाटतं. पुढे परदेशी सैनिक आणि पत्रकार गिऱ्हाईक झाले आणि छाप्यासारखा माल निघू लागला. मी एक आणला होता. बायकोने घरात अंथरू दिला नाही, ‘रणगाड्यावर बसून वरणभात खायचा नाही’ म्हणाली. कपाटात आहे.

प्रत्यक्ष तपासताना पहिलं काम, गालिचा उलटा करा. मागेही नक्षी तितकीच स्पष्ट दिसली पाहिजे, आणि गाठी किंचित वाकड्यातिकड्या. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, गोंदावर उभा आहे. मशीनच्या मालात मागची प्रत्येक ओळ फूटपट्टीने आखल्यासारखी येते. झालर ही ताण्याचीच टोकं असावी, शिवलेली नसावी. बलुच मालात दोन्ही टोकांना सतरंजीसारखी सपाट विणलेली पट्टी असते, आणि लांबीच्या कडा जुन्या तुकड्यांत बकरीच्या केसांनी बांधलेल्या असतात. हाताला राठ, चमकदार लागतात. गालिचा जमिनीवर पसरून चारी कोपरे बघा. थोडा तिरका असेल तर चालेल, फुगवटे असतील तर नको. प्रकाशासमोर धरून कसरीची भोकं शोधा. ठाण्याच्या पावसाळ्यात ही कसर वाढते, म्हणून घेतलात तर सोफ्याखाली गाडू नका. पायाखाली राहू दे, तीन महिन्यांनी उलटा करून झटका, आणि ड्रायक्लीनिंगला देऊ नका.

माझं मत विचाराल तर, नवा किंवा वीस-तीस वर्षांचा बाजारी बलुच असेल आणि लोकर चांगली असेल तर 30 हजारांपर्यंत मी जाईन, फारच जीव अडकला तर 40. काळा रंग खरोखर खाल्ला गेलेला, कडा शाबूत असलेला जुना तुकडा असेल तर 85 ही विचार करण्यासारखी रक्कम आहे. पुढच्या बाजूच्या फोटोवरून यापुढे काही सांगता येत नाही. प्रदर्शन संपायच्या आत एका कोपऱ्याचा मागच्या बाजूने, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा, आणि दुसरा लव फाकवून मुळाचा. खाली कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.