'गिड' की 'ग्वीड'?

स्कॉट्स (स्कॉटलंडमधली, इंग्रजीच्या जवळची भाषा) कथांचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'चांगला' या अर्थाचा जी-यू-आय-डी असा लिहिलेला शब्द त्यांनी एका ध्वनिमुद्रणात 'गिड' आणि दुसऱ्यात 'ग्वीड' असा ऐकला. त्यांतला शुद्ध उच्चार कोणता, आणि देवनागरीत 'गुइड' लिहिले तर चालेल का?

'गुइड' चालणार नाही, कारण स्कॉटलंडमध्ये तसे कोणीच म्हणत नाही. या शब्दातील 'आय' हे स्वतंत्र स्वराचे अक्षर नाही. जुन्या स्कॉट्स लेखनात आधीचा स्वर दीर्घ आहे हे दाखवण्यासाठी त्याच्यापुढे 'आय' लिहीत, आणि ती खूण या शब्दात आजवर टिकून राहिली आहे. मुळातला दीर्घ 'ओ' उत्तरेकडच्या बोलींत तोंडात पुढे सरकला. ओठ 'ओ' म्हणताना होतात तसे गोल ठेवून 'ए' म्हणून पाहावे, म्हणजे तो जुना स्वर साधारण हाती लागतो. शेटलंड आणि ऑर्कने बेटांवर तो अजून ऐकू येतो.

इतरत्र ओठांची गोलाई गेली आणि प्रत्येक प्रदेशाने आपापली वाट धरली. ग्लासगो-एडिंबराच्या पट्ट्यात 'गिड' म्हणतात, तर ॲबर्डीनच्या बाजूच्या डोरिक बोलीत 'ग्वीड'. डोरिकमध्ये या स्वराचा 'ई' होतो आणि तो 'ग' किंवा 'क' नंतर आला की मध्ये 'व' शिरतो. म्हणून तिथे चंद्राला 'मीन' आणि बुटाला 'बीट' म्हणत असले, तरी शाळेला मात्र 'स्क्वील' म्हणतात. मध्य पट्ट्यातही एकच नियम पुरत नाही. 'गरीब' या अर्थाचा पी-यू-आय-आर हा शब्द त्याच स्वराचा असूनही तिथे 'पिर' न होता 'पेर' असा ऐकू येतो, कारण शेवटच्या 'र'मुळे स्वर लांबतो. डोरिकमध्ये त्याचाच 'पीर' होतो.

म्हणजे हे लेखन कोणा एका उच्चाराचे चित्र नव्हे. वाचणाऱ्याने ते आपल्या गावच्या जिभेने वाचावे, अशी त्यात सोय आहे. एडिंबऱ्यातील कवींनी 1947 साली लेखनाचे जे संकेत ठरवले, त्यांत ही 'यू-आय'ची जोडी राखली गेली, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच झाले. आपल्यालाही हे अगदी अनोळखी नाही. 'जग सुंदर आहे' आणि 'सुखाने जग' या दोन वाक्यांतला 'ज' आपण एकसारखा लिहितो, पण उच्चारतो वेगवेगळा.

याच शब्दाचे जी-यू-डी-ई हे रूपही जुन्या पुस्तकांत सर्रास भेटते, आणि स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 'ऑल्ड लँग साइन' या गीतात तर त्याने मोठी गंमत केली आहे. (शेवटचा शब्द 'साइन' आहे, 'झाइन' नव्हे.) तिथे 'सद्भावनेचा' अशा अर्थाचे जोडविशेषण आहे आणि त्याच्यापुढे 'मोठा घोट' या अर्थाचे नाम आहे. जोडरेघ एक शब्द पुढे सरकली, विशेषणाचा उत्तरार्ध 'विली' पुढच्या नामाला चिकटला, आणि 'विली-वॉख्त' नावाचे एक नवेच पेय लोकांच्या कल्पनेत तयार झाले.

अनुवादात संवाद लिहिताना पात्राचे गाव पाहावे: ग्लासगोच्या माणसाच्या तोंडी 'गिड', ॲबर्डीनच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'ग्वीड'. लेखक स्वतः ग्वीडचे वेगळे स्पेलिंग करत असेल, तर प्रश्नच मिटला. पंचाईत होईल ती शेटलंडच्या पात्राची. त्याच्या स्वराला देवनागरीत अक्षर नाही, आणि ओठांची गोलाई सांभाळायची म्हणून 'गोड' लिहावे, तर मराठी वाचक साखरेचा डबा शोधू लागेल. तिथे मी सरळ 'चांगला' लिहीन.